सहावी ब च्या मिटलेल्या वह्या

१८ जून १९५६, सोमवार
पहिला दिवस पार पडला. सहावी ब, मराठी विभाग. अडतीस मुली, बहुतेक परळ, लालबाग, नायगावच्या चाळींतल्या. मुख्याध्यापिका मदर जर्मन आहेत. बोलतात इंग्रजीत, रागावतात मात्र मराठीत. "मिस परब, वर्षभर पाहू. मग कायम करू. किंवा करणार नाही." एवढं म्हणून टाइप केलेला एक कागद हातात ठेवला. शिकवण्याची सात तत्त्वं. नव्या शिक्षिकेनं ती पाठांच्या तयारीच्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवायची आणि पाठ करायची. इथला रिवाज.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे. दिसतं त्याकडून दिसत नाही त्याकडे. चौथं सर्वांत पटलं: उदाहरण दिल्याशिवाय तत्त्व शिकवू नये. कॉलेजच्या चार वर्षांत हे एकाही प्राध्यापकानं पाळलं नाही.

मधल्या सुट्टीत सिस्टर मठात जेवायला जातात. इंग्रजी विभागाच्या बायका एका टेबलाशी. आमच्या विभागातल्या तिघी जुन्या, त्यांची मे महिन्यातली बोलणी शिल्लक होती. मी खिडकीशी उभी राहून डबा खाल्ला. घावणे.

घरी आले तर आईचा पहिला प्रश्न, "पोरी ऐकतत मा तुझा?" बाबा गिरणीतून येताना जिन्यातच कुणाला तरी सांगत होते, "आमचा चेडू मास्तरीण झाला, पाद्र्यांच्या शाळेत!" चाळीत पहिली बी.ए. मी. घरात सातवीपुढे कोणी गेलेलं नाही. सगळे कौतुक करतात, काय शिकवलंस ते कोणी विचारत नाही. म्हणून ही वही.

२८ जून, गुरुवार
गुरुवारचा शेवटचा तास. कॅथलिक मुली सिस्टर फिलोमिनांकडे दोत्रीनला जातात, म्हणजे त्यांच्या धर्माची शिकवण. उरलेल्या एकोणतीस माझ्याकडे नीतिपाठाला. पुस्तक ठरलेलं. खरे बोलावे, वडिलांचा मान राखावा. मुली जांभया देतात. एक मात्र टक लावून ऐकते. कमल. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहते. वडील नाहीत, आई गिरणीत. घरी आणखी कोण, विचारलं तर म्हणाली, "दादा आहे. पण तो गावी गेलाय." लगेच मान खाली.

५ जुलै, गुरुवार
उद्या महिन्यातला पहिला शुक्रवार, म्हणून आज कॅथलिक मुलींचा कुमसार. एकेक मुलगी जाळीच्या खिडकीशी गुडघे टेकते, फादरांच्या कानात आपल्या चुका सांगते, उठते. रांगेत असताना तोंड केवढंसं, आणि परत येताना जिन्यावरून उड्या मारत.

आमच्या वर्गाच्या दारातून कमल बघत होती. "बाई, आपल्याला का नाही हो असं?"

सिस्टर फिलोमिनांना विचारलं, फादर ह्या गोष्टींचं पुढे काय करतात? त्या वसईच्या, साठीच्या, हसऱ्या. म्हणाल्या, "काय करणार? काही नाही. कानात आलं, तिथंच संपलं. राजा आला विचारायला तरी सांगायचं नाही."

दिवसभर तेच डोक्यात.

१२ जुलै, गुरुवार
सुरुवात केली! प्रत्येकीची एक वही, तपकिरी कागदाचं वेष्टण, वरून दोऱ्याची गाठ. नीतिपाठाच्या तासाला पंधरा मिनिटं लिहायचं: ह्या आठवड्यात माझं काय चुकलं, काय साधलं. मी सांगितलं, "ह्या वह्या तपासायच्या नाहीत. शुद्धलेखन बघायचं नाही. कोणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही."

मागच्या बाकावरून, "शप्पत, बाई?"

"शपथ कशाला. शब्द देते."

वह्या घरी नेऊ का विचारलं तर एकच कल्ला. "नको बाई, ताई वाचेल!" "आमच्यात तर सगळे वाचतात, मोठ्यानं!" एका खोलीत सात माणसं, तिथे एका मुलीची वही कुठे लपणार. मला माहीत नाही का! तेव्हा वह्या वर्गाच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

पंधरा मिनिटं वर्गात फक्त टाक चालल्याचा आवाज. मी खिडकीकडे तोंड करून बसले. इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

१९ जुलै, गुरुवार
कमल तास संपल्यावर थांबली. "बाई, खोटं बोललं आणि त्यानं दुसऱ्याचं भलं झालं, तर ते चुकलंमध्ये लिहायचं की साधलंमध्ये?"

मी म्हटलं, "लिहून बघ. लिहिता लिहिता तुझं तुलाच कळेल."

ती मान हलवून गेली. मी माझ्या उत्तरावर खूश. टाचणवहीत समासात लिहूनसुद्धा ठेवलं. मदर दर शुक्रवारी टाचणं बघतात, त्यांच्या नजरेला पडावं म्हणून. (हे इथे तरी खरं लिहावं.)

२७ जुलै, शुक्रवार
नजरेला पडलं. मदरनी बोलावलं. पुढच्या शनिवारी शिक्षिकांची सभा, तिथे मी ह्या प्रयोगावर पंधरा मिनिटं बोलायचं. नवीन बाईला हा मान पूर्वी मिळालेला नाही म्हणे. "बट एक्झाम्पल्स, मिस परब. तत्त्वं आम्हांला पाठ आहेत."

आनंदानं जिना उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं, उदाहरणं आणू कुठून?

३० जुलै
तीनदा भाषण लिहिलं. तीनही वेळा हवेत. 'मुलींच्या मनात मोकळेपणा आला.' कशावरून आला? बाबांना वाचून दाखवलं. संपल्यावर ते म्हणाले, "बरा असा." त्यांचं चित्त संध्याकाळच्या परळच्या सभेत. मुंबईचं काय होणार ह्यापलीकडे सध्या चाळीत विषय नाही.

२ ऑगस्ट, गुरुवार
वाचली.

एकच. शाळा सुटल्यावर. आधी दोरे सोडायचे नाहीत, वह्या नुसत्या उचलून बघायच्या, कोणाची जास्त भरली, तेवढं सांगता येईल, असं मनाशी म्हणत होते. कमलची जड लागली.

दादा गावी गेलेला नाही. जानेवारीतल्या संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीपासून त्याच्यावर वॉरंट आहे. तो घरीच, माळ्यावर, जुन्या गाद्यांमागे. पोलीस दोनदा आले. आई गिरणीत, दार कमलनं उघडलं. दोन्ही वेळा तोंडावर सांगितलं की दादा गावाला. 'पोलीस म्हणाला शाबास, शाळेत जातेस ना, खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं हो. हे चुकलं की साधलं ते मला लिहूनही कळत नाही.'

गाठ पुन्हा बांधली. तिची गाठ दुहेरी असते. माझ्याकडून तशी बसेना, दोनदा सोडून बांधली.

४ ऑगस्ट, शनिवार
सभा झाली. चौदा जणी आणि मदर. नाव घेतलं नाही. 'सहावीतली एक मुलगी' एवढंच. घरात लपलेल्या भावासाठी ती पोलिसांशी खोटं बोलते आणि मग स्वतःलाच विचारते, हे पाप की पुण्य? अशा मुलीला 'खरे बोलावे' हा धडा कसा शिकवायचा?

इंग्रजी विभागाच्या बायकासुद्धा पंखे हलवायच्या थांबल्या. मदर म्हणाल्या, "धिस इज टीचिंग." शिवणाच्या मालतीबाई पहिल्यांदाच माझ्याशी आपण होऊन बोलल्या, "कुठली हो मुलगी? नायगावची का?"

मी हसून म्हटलं, "नाव सांगता येणार नाही."

सभेनंतर डबा खायला मोठ्या टेबलाशी जागा करून दिली. बसले. कुणीतरी लोणचं पुढे केलं.

जिन्यात सिस्टर फिलोमिना उभ्या होत्या. आज हसल्या नाहीत. "तू वाचलंस?"

"एकच. आणि नाव कुठे घेतलं?"

"फादर नाव न घेतासुद्धा बोलत नाहीत. गोष्ट म्हणून नाही, प्रवचनात नाही. कधीच नाही." मग, "अगं, आमचं तू अर्धंच घेतलंस."

राग आला होता. आता नाही.

९ ऑगस्ट, गुरुवार
कमल नाही. कालही नव्हती. नीतिपाठाला वह्या वाटल्या. अठ्ठावीस जणींनी घेतल्या, गाठ कोणी सोडली नाही. मी म्हटलं, लिहा. कोणी टाक उचलला नाही. शेवटी वर्गाची मॉनिटर उभी राहिली, "बाई, कमलच्या दादाला मंगळवारी पोलिसांनी धरला. सरळ आत आले आणि सरळ माळ्यावर चढले. कोणाला काही विचारलंच नाही."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आम्ही वह्या घरी नेऊ का?"

"घरी वाचतील ना?"

"वाचू देत."

मी वह्या गोळा करून कपाटात ठेवल्या.

१० ऑगस्ट
बाबा जेवताना, "नायगावचो एक पोरगो धरलो. सात महिने लपान होतो. कोणीतरी आतलोच फितूर झालो असतलो." आई म्हणाली, "पोटाक पोर नसतला त्या मेल्याक." माझ्या ताटात आणखी भात वाढत म्हणाली. मी तो खाल्ला.

मोजून बघते आहे. चौदा जणी. मालतीबाई नायगावच्याच, पोलीस लायनीच्या शेजारच्या चाळीत. पण त्या असं करतील? कदाचित बोलता बोलता, सहज, घरी. कदाचित शेजाऱ्यानं पाहिलं असेल. चाळीत सात महिने माणूस लपतो हेच नवल. कदाचित माझा काही संबंध नाही. कदाचित. हा शब्द किती वेळा लिहिला.

१४ ऑगस्ट
मदरना सगळं सांगितलं. वाटलं, काढून टाकतील, आणि काढलं तर बरं. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "मीही वाहवा केली. मी विचारायला हवं होतं, तुम्हांला कसं कळलं. नाही विचारलं." आणि मग, "तुम्हांला शिक्षा हवी आहे. ती दिली की तुम्ही मोकळ्या. मी देणार नाही."

कायम करण्याचं मार्चमध्येच ठरेल. ते वर्गातल्या कामावर, ह्यावर नाही. पण कमलची रजाचिठ्ठी आलेली नाही. चिठ्ठीशिवाय महिनाअखेरपर्यंत गैरहजर राहिली तर हजेरीपटावरून नाव कमी होतं. एकदा कमी झालं की ती जागा बाहेर वाट बघणाऱ्या मुलीला. हा नियम मदर मोडत नाहीत. "सो, मिस परब. सतरा दिवस."

१८ ऑगस्ट, शनिवार
नायगावला गेले. शाळा अर्धा दिवस होती. तिसरा मजला, मधली खोली. कमलच्या आईची आज सुट्टी. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. "बाई, तुमी? या या. पाय लागले आमच्या घराला!" एकुलती खुर्ची पुसून दिली. माळा माझ्या बरोबर डोक्यावर. वर बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघितलं.

कमल भिंतीला टेकून. माझ्याकडे पाठ.

आई चहा टाकत बोलत होती. "आता तुमीच समजवा हिला. साळंत जात न्हाई म्हणती. हिच्या डोक्यात एकच, बाईंनी वही वाचली आन् सांगितलं. म्या म्हनलं, अगं, एवढ्या शिकलेल्या बाई, शब्द दिलाय त्यांनी, त्या कशाला वाचतील? व्हय की न्हाई बाई?"

कमल वळली. पहिल्यांदाच बघितलं माझ्याकडे.

कप हातात होता. मी म्हटलं, "तिनं शाळेत यायला हवं."

एवढंच. चहा संपवला. चांगला झालाय असंही म्हणाले. जिना उतरताना वरून आईचा आवाज, "बघ! म्हनलं नव्हतं?"



२१ ऑगस्ट
शाळेत काल-आज काही लिहिण्यासारखं नाही. भूगोल घेतला. मोठ्या टेबलावरची जागा मी आपणच सोडली, कोणी का म्हणून विचारलं नाही. पुन्हा खिडकी.

आईला सांगून टाकलं. चुलीपाशी, बाबा नसताना. तिला वही, कुमसार, तत्त्व काही कळलं नाही. शेवटचं तेवढं कळलं. हातातली पळी तशीच राहिली. मग म्हणाली, "बाबांका सांगू नको हां. तेंका सोसाचा नाय." पळी खाली ठेवत, "शिकल्यार असा करतत?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

२३ ऑगस्ट, गुरुवार
नीतिपाठ. पुस्तक उघडलं. पान नऊ, खरे बोलावे. मिटलं. मुलींना म्हटलं, "मी कमलची वही वाचली. तुम्हांला शब्द दिला होता तो मोडला. बाकीच्या वाचल्या नाहीत, पण तुम्ही त्यावर विश्वास ठेवावा असं म्हणणार नाही." अठ्ठावीस वह्या परत दिल्या. कपाटात एकच राहिली.

मॉनिटरनं विचारलं, "मदरना ठाऊक आहे?"

"आहे."

"तरी तुम्ही आहात?"

"आहे."

मग मागून कोणीतरी, "बाई, कमलला सांगितलंत का पण?"

२६ ऑगस्ट, रविवार
सांगितलं.

खुर्चीवर बसले नाही. दारातच उभी राहून सगळं सलग बोलले, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. वाचली. सभेत उदाहरण म्हणून सांगितलं. त्यातून गेलं की दुसरीकडून, ते मला कळलेलं नाही, कदाचित कधी कळणार नाही. त्या दिवशी चहा घेतला आणि बोलले नाही, तेही माझंच.

कमलची आई स्टोव्ह पंप करत होती. थांबली. हवा सोडून दिली. सूं आवाज होऊन स्टोव्ह विझला. ती आत मोरीत जाऊन भांडी घासू लागली. स्वच्छ होती ती भांडी.

कमल म्हणाली, "किती वाचलीत?"

"दोन पानं."

"किती जणी होत्या सभेला?"

"चौदा. आणि मदर."

"पंधरा," ती म्हणाली. मोठ्या माणसासारखं. "मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बाई. आईलाही नाही, पोलीस दुसऱ्यांदा आला ते. तुम्हांलापण नव्हतं सांगितलं. वहीत लिहिलं होतं नुसतं."

वही पुढे केली. घेतली तिनं. गाठ बघितली. "ही माझी गाठ नाही."

दार लावलं नाही तिनं. मीच निघाले.

२८ ऑगस्ट
रिकाम्या जागेला रोज हाक मारून मग पुढे जाते. तिचं नाव गाळता येत नाही, उत्तर नाही हे ठाऊक असूनही. मुलीही तेवढा क्षण थांबतात. तीन दिवस राहिले. चिठ्ठी मीच लिहून ठेवावी असं एकदा मनात आलं. 'ताप'. कोणाला कळणार होतं? मदर माझं अक्षर ओळखतात म्हणून नव्हे, पण नाही लिहिली.

३१ ऑगस्ट, शुक्रवार
कमल आली.

पहिल्या तासाला नाही, दुसऱ्याच्या मध्यावर. गणवेश इस्त्रीचा. माझ्या टेबलाशी येऊन आईच्या अंगठ्याची चिठ्ठी ठेवली. शेजारच्या कोणाकडून लिहून घेतलेली. 'घरच्या अडचणीमुळे.' हलक्या आवाजात म्हणाली, "दादानं तुरुंगातून निरोप पाठवला, शाळा सोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस. म्हणून आले. तुमच्यासाठी नाही."

"बरं," मी म्हटलं.

नेहमीच्या पहिल्या बाकावर गेली नाही. शेवटच्या बाकावर मुली सरकल्या, तिथे बसली. हाक मारली. "हजर." फळ्याकडे बघत. मी हजेरीपटावर खूण केली आणि अपूर्णांक शिकवायला लागले. अपूर्णांक बरोबर आले.

शाळा सुटल्यावर सगळ्या गेल्या तरी ती थांबली. मला वाटलं, काय वाटलं ते लिहीत नाही. ती म्हणाली, "बाई, सोमवारी सुट्टी पाहिजे. दादाला भेटायला जायचंय, आईबरोबर. सोमवारचीच वेळ दिलीय."

"जा की. अर्ज दे."

"आणलाय." वहीच्या कागदावर, तिच्या स्वतःच्या अक्षरात. मा. वर्गशिक्षिका यांस, सविनय. कारणापुढे जागा सोडलेली. अर्ज माझ्याकडून मदरकडे जातो, तिथून ऑफिसात, कारकून तो फायलीला लावतो. खुली फाईल. हे तिला ठाऊक आहे, मॉनिटर होती गेल्या वर्षी.

"कारण काय लिहू?" तिनं विचारलं. "खरं लिहिलं तर सगळे वाचतील. दुसरं लिहिलं तर खोटं. तुम्ही सांगाल ते लिहिते."

उद्धटपणा नव्हता. वेगळ्याच, सपाट आवाजात. मी तोंड उघडलं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, आणि पुढचं काहीच आठवेना.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"उद्या अर्धीच शाळा आहे," ती म्हणाली. दप्तर उचललं आणि जिन्याकडे गेली. एकेक पायरी, सावकाश.

अर्ज माझ्यासमोर आहे. मी तिला काय सांगणार ते अजून मला माहीत नाही.